धाप योजनेत बसत नाही

महाराष्ट्रात फुप्फुसाच्या डॉक्टरला योजनेतून दाखवायचं असेल तर एकच पथ्य सांभाळावं लागतं: चालत जायचं नाही. आपल्या पायांनी गेलात की तुम्ही ओपीडीचे पेशंट. फी भरा, तपासण्यांचे पैसे भरा, श्वासाचा पंप विकत घ्या आणि पंधरा दिवसांनी परत या. तेच स्ट्रेचरवरून गेलात, ओठ निळे पडलेले असले आणि मागून धावणाऱ्या पोराच्या हातात रेशनकार्ड असलं, की तुम्ही लाभार्थी.

हे मी पदरचं सांगत नाही. स्ट्रेचर तेवढं माझं, बाकी सगळं नियमातलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिच्याशी जोडलेली आयुष्मान भारत, दोन्ही भरती झालेल्या पेशंटसाठी आहेत. १ जुलै २०२४ पासून राज्यातलं प्रत्येक कुटुंब त्यात आलं. कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेव्हा १३५६ प्रकारचे. आकडे भरभक्कम आहेत आणि फ्लेक्सवर शोभतात. पण योजना खाटेवर पडलं की सुरू होते आणि खाटेवरून उठलं की आवरती घेते. आयुष्मानच्या नियमांत जरा सैल हात आहे: भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार. एकदा जडला की माणसाबरोबरच जातो. त्याला सरकारने खाटेच्या आगेमागे अठरा दिवसांची मुदत घालून दिलेली आहे. आजाराला अजून नोटीस पोचलेली दिसत नाही.

हृदयाचं नशीब चांगलं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले झालं. नाव बदललं तरी स्वभाव तोच राहिला. तिला प्रसंग लागतो. एक ब्लॉक, एक स्टेंट, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, क्लेम पास. याच योजनेतून गावोगावच्या माणसांच्या बायपास झाल्या, डायलिसिसं झाली, कॅन्सरचे उपचार झाले. घरदार विकायला निघालेली कुटुंबं वाचली. त्याला नाक मुरडणाऱ्याने आधी एखादं मोठं बिल स्वतःच्या खिशातून भरून बघावं.

फुप्फुसाला मात्र प्रसंग साजरा करायची अक्कल नाही. ते दहा-पंधरा वर्षं गुपचूप बिघडत राहतं. आधी दुसऱ्या मजल्यावर दम लागतो, मग पहिल्या, मग अंघोळीला बसून तांब्या डोक्यावर नेताना. यात कुठे कापाकापी नाही, टाके नाहीत, त्यामुळे पॅकेज नाही. छातीच्या डॉक्टरचं खरं काम म्हणाल तर ऐकणं, फुंकायला लावणं, एचआरसीटी उजेडापुढे धरणं, पंप कसा ओढायचा ते शिकवणं आणि पुढच्या वेळी पेशंट तो चुकीचाच ओढतोय हे बघून पुन्हा शिकवणं. हे सगळं खुर्चीत बसून होतं. आणि योजनेला खुर्ची चालत नाही, खाट लागते.

दोन-चार जणांचा आजार असता तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या आकडेवारीवर बेतलेला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आलेला अभ्यास सांगतो की भारतात साडेपाच कोटींवर लोकांना सीओपीडी आहे आणि पावणेचार कोटींवर लोकांना दमा. जगाच्या लोकसंख्येत आपण १८ टक्के. श्वसनाच्या जुनाट आजारांच्या ओझ्यात ३२ टक्के. इथे मात्र आपण आपल्या वाट्यापेक्षा जास्त उचलतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने एकदा झकास उद्योग केला होता. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांकडे कोण कशासाठी आलं ते मोजलं. दोन लाखांवर पेशंट निघाले आणि त्यांतल्या निम्म्यांची तक्रार श्वासाशी निगडित होती. हे सगळे विडीवाले, असं म्हणून हात झटकायचीही सोय नाही. जिने आयुष्यात विडीला बोट लावलं नाही, पण चाळीस वर्षं चुलीत फुंकणी घातली, तिचीही फुप्फुसं तशीच निघतात.

फुंकणीवरून आठवलं. कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजात पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसाचा दम मोजण्याच्या चाचणीच्या, खोलीबाहेर अर्धा तास बसून बघा. आत एक आजी स्टुलावर. कवळी काढून रुमालात बांधलेली, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. समोर टेक्निशियन, आणि त्याचा आवाज थेट कॉरिडॉरच्या टोकापर्यंत: “घ्या, घ्या, घ्या, पूर्ण आत घ्या... आता सोडा जोरात! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका, अजून!” आजी थांबते. पडद्यावरची रेघ अर्ध्यातच खाली येते. “आजी, नीट झालं नाही. परत.” तिसऱ्या वेळी आजी नळी तोंडातून काढते आणि बोळक्यानेच विचारते, “एवढा दम असता तर तुझ्याकडं कशाला आले असते रे?” टेक्निशियन हसतो. त्यालाही धाप लागलेली असते. सकाळपासून बाविसावा पेशंट.

तर ही फुंकर. सुई नाही, भूल नाही, किरण नाहीत. सीओपीडी आहे की नाही हे ठरवायला हीच चाचणी लागते. नुसता एक्स-रे बघून कोणी सांगत असेल तर तो अंदाज. आणि तिची खोड अशी की आजार उफाळलेला असताना ती नीट होतच नाही, पेशंट जरा स्थिर झाल्यावर करायची असते. म्हणजे चाचणी होते तेव्हा पेशंट योजनेत नसतो, आणि पेशंट योजनेत असतो तेव्हा चाचणी होत नाही. हे कोणी मुद्दाम जुळवून आणलं असेल असं मला वाटत नाही. मुद्दाम करायला बसलं तर इतकं नेमकं जमत नाही.

आता डॉक्टर शोधू. योजनेत कोणती रुग्णालयं अंगीकृत आहेत त्याची यादी मिळते. जिल्हा निवडा, विशेषता निवडा, नावं येतात. यादी खोटी नसते. तिच्यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी खरी असते, फक्त एकत्र भेटत नाही. एका खासगी रुग्णालयात फोन लावला की साधारण असं होतं:

“योजना चालते का तुमच्याकडे?”

“चालते.”

“छातीचे डॉक्टर आहेत?”

“आहेत ना. मंगळवार-शुक्रवार, चार ते सहा.”

“मग आईला मंगळवारी आणतो. योजनेतून.”

“योजनेतून नाही, दादा. सर व्हिजिटिंग आहेत. त्यांची फी वेगळी.”

“मग योजनेतून कोण बघतं?”

“अ‍ॅडमिट करा, मग बघतील.”

“पण अ‍ॅडमिट करायचं की नाही हे कोण सांगणार?”

“सर सांगतील.”

“म्हणजे मंगळवारी.”

“हो. फी भरून.”

फोनवरच्या मुलीचं यात काही चुकलेलं नाही. तिने नियमच वाचून दाखवला, तोही गोड आवाजात.

रुग्णालयात शिरलं की दाराशी योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल. मागे मोठा फलक, त्यावर हात जोडलेली मंडळी. टेबलावर एक कॉम्प्युटर, एक अंगठ्याचं यंत्र आणि खुर्चीच्या पाठीला लावलेली बॅग. बॅग असली की आरोग्यमित्र आलेला असतो. तो स्वतः कुठल्या तरी वॉर्डात कोणाची तरी सही आणायला गेलेला असतो. बिचारा कंत्राटी. मित्र पेशंटचा, पगार कंपनीचा आणि शिव्या दोन्हीकडच्या. तो परत येतो, रेशनकार्ड बघतो, आधार बघतो. रेशनकार्डावर ‘कमळाबाई’, आधारवर ‘कमल’. “मावशी, नाव जुळत नाही.” मावशी दोन्ही नावांना ओ देतात, पण यंत्राला तेवढं पुरत नाही. मग अंगठा. आयुष्यभर राखेने भांडी घासलेल्या बोटांवर ठसा कुठून उरणार? “पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा. जरा दाबून.” मावशींना इकडे धाप, आणि यंत्र म्हणतं पुन्हा प्रयत्न करा.

हा काटेकोरपणा मला मनापासून आवडला असता. पण ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने सगळा रसभंग केला. आयुष्मान भारतच्या नोंदींत ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर सापडले. नंबर कोणता? नऊ, दहा वेळा. साडेसात लाख माणसं एका फोनवर नांदली, यंत्राने हूं की चूं केलं नाही. कमळाबाई आणि कमल मात्र दोघी ठरल्या.

अंगठा लागला, नाव जुळलं, पुढे प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी. आता आजार यादीत बसवायचा. इथे जरा थांबण्यासारखं आहे. आपल्या जीवनदायीने वळण घेतलं ते आंध्रच्या आरोग्यश्री योजनेचं, आणि आरोग्यश्रीच्या जुन्या यादीत फुप्फुसाच्या खान्यात एक नग आहे. ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनळ्या फुगून त्यांत कफ साचत राहण्याचा आजार, त्यापुढे अट: वर्षात सहापेक्षा जास्त वेळा भरती. सहा वेळा पडा, सातव्यांदा या. शाळेतसुद्धा एवढ्यांदा नापास होऊ देत नाहीत. त्याच खान्यातले शेजारी कोण, तर श्वसन निकामी होणं, व्हेंटिलेटरसह आणि व्हेंटिलेटरशिवाय. न भरणारं फुप्फुसाचं गळू. छातीत हवा शिरून मिटलेलं फुप्फुस. सगळे आजार शेवटच्या स्टेशनावरचे. आधीच्या स्टेशनांवर गाडी थांबत नाही.

२०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने उपचारांची यादी २३९९ वर नेली, आणि फुप्फुस प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांसाठी ५ लाखांच्या वरचे पैसे वेगळ्या निधीतून द्यायचं ठरवलं. चांगलं झालं, ज्याला लागेल त्याला मिळो. पण हिशेब बघा. अख्खं फुप्फुस नवं बसवायचं म्हटलं तर सरकार लाखो रुपये काढायला तयार. आहे तेच टिकवायला रोज दोनदा ओढायचा पंप म्हटलं, की तो पेशंटचा खासगी प्रश्न. पेशंटही मग काटकसर करतो. पंप दोनदाच्या जागी एकदा, पुढे ‘लागला तरच’, महिन्याचा पंप तीन महिने पुरवून दाखवतो. आणि चौथ्या महिन्यात मध्यरात्री रिक्षात घालून आणतात. तेव्हा मात्र योजना दिलदारपणे आयसीयूचं बिल उचलते. त्या एका भरतीच्या पैशांत किती वर्षांचे पंप आले असते, हे गणित मांडायला आयएएस व्हावं लागत नाही. कदाचित व्हावं लागत असेल, म्हणूनच मांडलेलं नाही.

डॉक्टरांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. माझ्याही त्या दोनदा ओठांवर आल्या होत्या. पण त्यांचंही ऐका. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं हलत नाहीत, झालेल्या कामाचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, आणि आले तर कापून येतात. क्वेरी येते की अमुक कागदावर सही तिरकी आहे. मोठ्या रुग्णालयाला हे सोसतं. ते एका खात्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून भरून काढू शकतं. तालुक्याच्या गावी दहा खाटा घेऊन बसलेला एकटा चेस्ट फिजिशियन काय करणार? व्हेंटिलेटरवरचा पेशंट आठऐवजी अठरा दिवस राहिला तर पॅकेज ताणणार किती? म्हणून तो योजनेच्या वाटेलाच जात नाही, आणि गेलेले दोन वर्षांत माघारी येतात. योजनेची पाटी राहते, डॉक्टर जातो. ती पाटी बघून पेशंट मात्र येतच राहतात.

मग फुप्फुसाचा डॉक्टर फुकटात कुठे बसतो? बसतो. सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात. तिथल्या चेस्ट ओपीडीत योजनाबिजना काही लागत नाही. नाममात्र पैशांचा केसपेपर, रांग आणि सकाळी लवकर उठायची तयारी एवढं पुरतं. मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून तिथेच पाठवतो. तिथला निवासी डॉक्टर रात्रभर जागा असतो, चहा गार झालेला असतो, पण एका ओपीडीत तो जेवढी फुप्फुसं ऐकतो तेवढी खासगीतला आठवड्यात ऐकत नसेल. अडचण वेगळीच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, जिल्हा रुग्णालयांत सगळं मोफत झालं, केसपेपरसुद्धा. पण सरकारी मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे तो निर्णय लागू नाही. म्हणजे ज्या खात्यात सगळं फुकट, तिथे छातीचा डॉक्टर भेटणं नशिबावर. ज्या खात्यात छातीचा डॉक्टर हमखास, तिथे खिडकीवर सुटे पैसे काढा. दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात. बहुधा लांबच्या खुर्च्यांवर.

आणि मेडिकल कॉलेजातल्या त्या दारावरची पाटी. आपल्याकडची फुप्फुसविद्या टीबीच्या पोटी जन्मली. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय, औंधचं उरो रुग्णालय, पाचगणीचं बेल एअर, सगळ्यांची मुळं क्षयाच्या उपचारांत. त्यामुळे अजून कित्येक ठिकाणी विभागाच्या नावात ‘क्षयरोग’ आधी आणि ‘उरोरोग’ नंतर. साध्या दम्याची बाई त्या पाटीखाली उभी राहायला तयार नसते. पदर तोंडावर घेऊन इकडेतिकडे बघते. गावातलं कोणी दिसलं तर? धाकटीचं जमवायचंय अजून. शेवटी ती जाते नाक्यावरच्या डॉक्टरकडे, तो देतो सलाईन आणि दंडात इंजेक्शन, तिला चार दिवस बरं वाटतं, आणि आजार निवांत आपलं काम करत राहतो.

टीबीचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. टीबीवर सरकारचा खरोखर जीव आहे. तपासणी मोफत, गोळ्या मोफत, पोषणासाठी दरमहा पैसे. २०१८ मध्ये ५०० रुपयांनी सुरुवात झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आरोग्यसेविका घरी येऊन गोळी घेतली का विचारते. सहा महिने माणूस सरकारचा जावई. थुंकीत जंतू नाहीत असा रिपोर्ट आला की ‘बरा झाला’ असा शेरा, फाईल बंद, पैसे बंद, विचारपूस बंद. पण जंतूंनी पोखरलेलं फुप्फुस तसंच राहतं. व्रण, पोकळ्या, फुगलेल्या नळ्या. दोन वर्षांनी तोच माणूस धापा टाकत येतो, तेव्हा त्याला टीबी नसतो. हा त्याचा मोठाच गुन्हा. टीबी असता तर त्याच्यासाठी अख्खा राष्ट्रीय कार्यक्रम होता. आता नुसती धाप आहे, आणि धापेला असा स्वतंत्र कार्यक्रम नाही.

कामगारांना वाटतं आपलं बरं आहे, आपल्याकडे ईएसआय. आणि खरंच, कागदावर बघाल तर ईएसआय सगळ्यांत शहाणी. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, आणि ओपीडी, औषधं, तपासण्या, पंप सगळं आत. तिला खाट लागत नाही, चालत गेलेलं चालतं. फक्त तुमचा पगार २१ हजारांच्या आत पाहिजे. वीस हजार नऊशे पगार असेपर्यंत वॉचमनला फुप्फुस असतं. दिवाळीत मालकाने खूश होऊन पगार साडेएकवीस केला, की काही महिन्यांत त्याचं फुप्फुस स्वतःच्या जबाबदारीवर. पगारवाढ नको म्हणून मालकापुढे हात जोडणारी माणसं या राज्यात आहेत. अर्थतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करावा.

सिंधुदुर्गातल्या लोकांनी आपला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्याच रीतीने सोडवला होता. जास्त झालं की बांबोळी. तिथलं गोवा मेडिकल कॉलेज सावंतवाडी-दोडामार्गला मुंबईपेक्षा कितीतरी जवळचं. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्यांना शुल्क लावलं आणि सिंधुदुर्गात आंदोलनं पेटली. गोव्याचं तरी काय चुकलं? त्यांनी आपल्या लोकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आखली, शेजाऱ्याच्या पेशंटांचा भार वर्षानुवर्षं वाहिला. राग यायचा तर त्याचा यावा, की अख्ख्या जिल्ह्याने धाप लागल्यावर आपल्या राजधानीकडे न बघता दुसऱ्या राज्याकडे बघायची सवय लावून घेतली, आणि ती कोणाला खटकली नाही.

मध्यंतरी मुंबईत फुप्फुसाला बरे दिवस आले होते. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि महिनाभर ज्याच्या त्याच्या तोंडी फुप्फुस. टीव्हीवर चर्चा, कोर्टात तारखा, रस्त्यावर ताडपत्री फाडाफाडी. कबुतरांची विष्ठा आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसं घट्ट होत जातात, हे त्या महिन्यात पोराटोरांनाही पाठ झालं. गोष्ट खरीच आहे. फुप्फुसं अशी आतून निबर होत जाणाऱ्या आजारांची देशभरात नोंद ठेवली गेली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा सगळ्यांत मोठा गट, निम्म्याच्या जवळपास, या असल्या अ‍ॅलर्जीतून आलेल्या आजाराचाच निघाला. त्यात पक्षी होते आणि घरातले ओलसर कूलरही होते. कूलरवर ताडपत्री टाकायला कोणी गेलं नाही, आणि कूलरच्या बाजूनेही कोणी मोर्चा काढला नाही. असो. मुद्दा असा की कबुतरांच्या बाजूने माणसं उभी राहिली, कबुतरांच्या विरोधात माणसं उभी राहिली. ज्या आजीला हा आजार आहे तिची महिन्याची गोळी कोणत्या योजनेतून येणार, एवढा एक प्रश्न कोणाच्या फलकावर नव्हता. गोळी महाग आहे, रोज घ्यायची आहे आणि घरी बसून घ्यायची आहे. तीन दोष एकदम.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी केंद्राने सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड द्यायला घेतलं. उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं कवच. पेन्शनरांनी शिबिरांत रांगा लावून कार्डं काढली, लॅमिनेट करून घेतली. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी ते पंपाच्या शेजारीच ठेवलंय. पंप साडेतीन आठवड्यांत संपतो. कार्ड अजून कोरं आहे, हा काकांच्या तब्येतीचा पुरावा मानायचा की त्यांच्या खर्चाचा, यावर आमच्यात वाद चालतो.

तर मागणी काही फार मोठी नाही. पीएफटीची फुंकर, छातीच्या डॉक्टरची वर्षातून चार वेळा ओपीडी आणि महिन्याचा पंप, एवढं खाटेशिवाय योजनेत घ्या. पैसे नाहीत असं म्हणू नका. ते आयसीयूत खर्च होतच आहेत. मला अडचण ठाऊक आहे, आणि ती पैशांची नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटबरोबर फोटो काढता येतो, पुष्पगुच्छ देता येतो. ज्याला भरती व्हावंच लागलं नाही त्याच्या शेजारी उभं राहून फोटो कशाचा काढणार? आणि पंप पडला मुठीत मावेल एवढा. त्यावर साहेबांचा फोटो बसवायचा तरी कुठे? यावर एक तोडगा आहे. पंप खोक्यात येतो, आणि खोक्याला चार बाजू असतात. खोक्यांचं या राज्यात कोणाला वावडं नाही. ज्यांचे ज्यांचे फोटो लावायचे ते चारही बाजूंना लावा, ठळक लावा. तळाला जागा उरली तर तिथे डोस लिहा.